नळवाल्या साइटचं आवतन

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय काम करता वो तुमी?"

"लोकांना बिनपगारी कामाला लावते," मी म्हणाले.

त्यांनी मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मूर्तिजापूर गेल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"म्हनजे थे साखळीवालं का? दोन मेंबर आना, मंग त्याईनं दोन आनावं?"

"नाही हो. आमच्याकडे शंभर मेंबर आणले तरी काही मिळत नाही."

"मंग लोक येतात काहून?"

बडनेरा येईपर्यंत मी वेगवेगळी पाच उत्तरं दिली. एकही त्यांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. सात वर्षं हे काम करते आहे, पण त्या प्रश्नानं अजून बसल्या जागी चुळबूळ होते.

त्याआधी मी निवेदिका होते. लग्नाचे स्वागत समारंभ, दुकानांची उद्घाटनं, सत्कार, निरोप समारंभ, एकदा तर बैलांचं प्रदर्शन. तिथे मालकांपेक्षा बैलांची नावं मी जास्त आदरानं घेतली अशी तक्रार आली होती. अकोल्यातल्या निम्म्या लोकांना माझा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत आहे. भाजी घेताना तोंड उघडलं की एखादी बाई गर्रकन वळते. "अवो, तुमीच का थ्या? 'जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये ही आग्रहाची विनंती'वाल्या?" होय, मीच ती. मी भाजीवाल्यासमोर ते वाक्य पूर्ण सुरात म्हणून दाखवते आणि तो मला कोथिंबीर जास्त घालतो.

अमरावतीच्या रश्मीनं मला शोधलं ते त्या आवाजामुळेच. रश्मी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. नोकरी कुठल्याशा लांबच्या कंपनीची, पण ती बसते राजापेठेत, आईच्या शिलाई मशीनशेजारी. तिनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी अमरावती आणि अकोला अशा दोन्ही शहरांसाठी एक साइट बनवली होती. कुठला दवाखाना रविवारी उघडा असतो, कुठल्या दाखल्याला कोणते कागद लागतात, कोणती बस कुठून सुटते, असं सगळं. आणि ती साइट ओपन सोर्स होती. फोनवर ती मला म्हणाली, "ताई, साइट तयार आहे. माणसं नाहीत. तुम्हाला माणसं बोलावता येतात असं ऐकलं."

ओपन सोर्स म्हणजे काय हे मला तिनं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मीच तिला सांगितलं, आणि तेव्हापासून तेच सगळ्यांना सांगते. आपल्याकडच्या लग्नातला स्वयंपाक बघा. मंडपामागे उघड्यावर चुली मांडलेल्या असतात. आलू-वांग्याच्या भाजीत काय घातलं ते येणारा-जाणारा बघू शकतो. कोणीही पाट घेऊन बसावं, वांगी चिरू लागावं, वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगावं. फक्त कढईत हात घालायच्या आधी आचाऱ्याला विचारावं. आणि आमची भाजी नाही आवडली, तर सगळी कृती उतरवून न्या आणि आपला वेगळा मंडप टाका. आम्ही हरकत घेणार नाही. आमची साइट अशी आहे. तिच्या पोटातलं सगळं उघडं. माहिती कोणीही भरावी, चूक कोणीही सुधारावी. दुसऱ्या कोणीतरी एकदा तपासली की ती सगळ्यांना दिसते.

साइटचं नाव काय ठेवावं यावर तीन बैठका झाल्या. अकोल्याचं नाव आधी की अमरावतीचं, या मुद्द्यावर तिन्ही मोडल्या. शेवटी लोकांनीच तिला 'नळवाली साइट' म्हणायला सुरुवात केली. ते का, ते पुढे येईलच.

माझं पहिलं आवाहन मी फार थाटात लिहिलं होतं. 'या, आपलं शहर आपण लिहू या! सर्वांना मनःपूर्वक आमंत्रण!' मोबाइलवर त्रेसष्ट अंगठे आले. अंगठ्यामागची माणसं दोन आली. त्यातला एक गृहस्थ आमच्या अकोल्यातल्या कामाच्या खोलीत एसी आहे का ते बघायला आला होता. नव्हता. तो गेला.

तेव्हा मला पहिला धडा मिळाला. सर्वांना बोलावलं की कोणालाच बोलावलेलं नसतं. आणि दुसरा धडा मी स्वतः शोधून काढला, त्याचा मला आजही गर्व आहे. वऱ्हाडी माणसाला 'मदत करता का?' असं कधी विचारू नये. त्याला काम असतं, पाहुणे असतात, पाठ दुखत असते. त्याच्यासमोर जाऊन आत्मविश्वासानं काहीतरी चुकीचं बोलावं. "तुमच्या चौकातून बाळापूरची गाडी दर तासाला सुटते ना?" बस. मदतीला यायला तो पंधरा दिवस लावेल, पण चूक दाखवायला चप्पल न घालता धावत येतो. "कोन सांगतलं तुमाले? लिवा, लिवा, मी सांगतो." आमच्या साइटचं निम्मं वेळापत्रक मी अशा खोट्या बोलांवर उभं केलं आहे.

नमुनेही एकेक भेटले. बाळापूरचे एक सद्गृहस्थ होते. अकोल्याच्या कोणत्याही पानावर ते बाळापूरच्या किल्ल्याचा फोटो जोडायचे. दंतवैद्यांच्या यादीत किल्ला, गॅस एजन्सीच्या पत्त्याखाली किल्ला. मी फोन केला तर म्हणाले, "दात दुखून राहिला असन, तवाच मानसाले काही चांगलं पाह्यलं पायजे." दुसरा एक जावई. त्यानं शहराच्या नकाशावर सासऱ्याच्या घराची 'सार्वजनिक मुतारी' अशी नोंद करून पाठवली. तपासणारी आमची बाई नवीन होती, तिनं ती मान्य केली. दोन दिवसांनी सासरे काठी घेऊन आमच्या खोलीत. "बाई, सकाळपासून चार जनं येऊन गेले. एक तं आत शिरला होता!" त्या दिवसापासून कोणतीही नोंद प्रत्यक्ष जागा पाहिल्याशिवाय मान्य करायची नाही, असा नियम झाला. जावई अजूनही आमच्याकडे स्वयंसेवक आहे. त्याच्याइतका नकाशा कोणाला येत नाही.

हे सगळं हसत सांगता येतं. नामदेवभाऊंचं हसत सांगता येत नाही, पण प्रयत्न करते.

आमच्याकडे अकोल्यात नळ रोज येत नाही, हे काही मी नवीन सांगत नाही. पाच-सहा दिवसांनी येतो, आणि येणार त्या दिवसाचं पत्रक निघतं. पत्रकात एवढंच असतं: अमुक भागाला सकाळी. आता सकाळ म्हणजे पाच की साडेदहा? जिला साडेआठला कामावर जायचं असतं, तिची त्या एका शब्दापायी रजा जाते. नाहीतर पाणी जातं.

नामदेवभाऊंना ही सकाळ तोंडपाठ होती. त्यांनी आयुष्यभर व्हॉल्वमनचं काम केलं. सायकलला लांब लोखंडी चावी बांधायची, रस्त्यावरचं झाकण उघडायचं, चावी फिरवून त्या त्या भागाचं पाणी सोडायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पाणी कोणत्या गल्लीत किती मिनिटांनी पोचतं, कोणती गल्ली चढावर आहे, कोणत्या वळणावर पाइप बारीक होतो, हे त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर कुठंच नव्हतं. त्यांच्या शेजारी पुष्पावहिनींची पिठाची गिरणी. दळण घेऊन आलेल्या बाया गिरणीत डबा टेकवायच्या आणि भाऊंच्या ओट्यासमोर उभ्या राहायच्या. "भाऊ, आज?" भाऊ क्षणभर डोळे मिटायचे. "तुमच्या इथी आठले दहा कमी. पन पयले थोडं गढूळ येईन, भरू नका."

मी तिथे गेले आणि माझं हत्यार काढलं. "या भागात सगळ्या गल्ल्यांना पाणी एकदमच येतं ना हो, भाऊ?"

भाऊ ओट्यावरून उठून उभे राहिले. "कोन म्हने?"

"असं ऐकलं."

"पुष्पा! गिरनी बंद कर. ह्या बाईले कोनं तरी येड्यात काहाडलं."

आठ दिवस दुपारी भाऊ बोलत होते आणि पुष्पावहिनी पिठाच्या बोटांनी मोबाइलवर टिपत होत्या. आधी व्हॉल्व किती वाजता उघडतो ते, मग एकेक गल्ली. दत्ताच्या देवळामागची, टेलरच्या बोळाची, पिंपळाजवळची. व्हॉल्व उघडल्यावर इथे वीस मिनिटं, तिथे पस्तीस. "आन लिव, शेवटच्या गल्लीले पाऊन तास. पन मंधातल्या कोनं मोटर लावली, तं राम राम." पान तयार झालं: 'आपल्या गल्लीत नळ'. आता बाईनं मोबाइलवर गल्ली निवडायची, आणि नेमकी वेळ बघायची. साइटला आजवर जेवढी माणसं आली नव्हती तेवढी एका महिन्यात आली. दुसऱ्या भागांतले म्हणू लागले, आमचं काहून नाही? नाव पडलं, नळवाली साइट.

त्या वेळी पुष्पावहिनींनी मला एकदाच विचारलं होतं. "कुंदाबाई, भाऊचं नाव कुठी टाकू? इथी तं येकच रकाना हाय, अन् थो माह्या नावानं आपोआपच भरून राह्यला."

आमच्या यंत्रणेत, जो बटण दाबतो त्याचंच नाव लागतं. मी म्हणाले, "नंतर बघू."

हे दोन शब्द माझ्या नोकरीतले सगळ्यात महाग शब्द आहेत.

वर्षभरानं रश्मीनं अमरावतीला सगळ्या स्वयंसेवकांचा मेळावा ठरवला. जेवण, थोडे सत्कार. बोलावणं करायचं काम अर्थातच माझं. पण रश्मी म्हणाली, "ताई, यादी साइटवर आहेच. मी असं करून ठेवते की यादीतल्या प्रत्येकाला निमंत्रण आपोआप जाईल. नावानिशी." मी दारोदार फिरून फिरून गुडघे झिजवलेली बाई. मला काय आनंद झाला! मी खुर्चीत बसून चहा पिऊन राहिले आणि निमंत्रणं आपली आपण जाऊन राहिली.

मेळाव्यात निवेदन माझंच. अकोल्याहून आलेली गाडीभर माणसं, अमरावतीची त्याहून जास्त, दोघांच्या टाळ्यांची चढाओढ. मी रंगात आले होते. "आणि आता, ज्यांच्यामुळे घराघरात बादल्या वेळेवर लागल्या, त्या 'आपल्या गल्लीत नळ'च्या शिल्पकार, गिरणीवाल्या पुष्पावहिनी!"

वहिनी स्टेजवर आल्या. शाल-नारळ घेतलं नाही. माइक घेतला.

"हे माह्यं नाई," त्या म्हणाल्या. "हे नामदेवभाऊचं हाय. कुठी हायेत थे?"

मी समोर पाहिलं. मागच्या रांगा पाहिल्या.

"सकाळी मी गाडीत बसली तवा थे ओट्यावर बसून होते. इस्तरीचा सदरा, टोपी, समदं. मले वाटलं, तुमी त्याईच्यासाठी मोठी गाडी पाठोली असन."

मी बावीस वर्षं माइकवर उभी आहे. बोहल्यावरून नवरदेव पळाला तेव्हाही मी पाच मिनिटं मंडप हसता ठेवला आहे. त्या दिवशी मी वहिनींनी न घेतलेला नारळ छातीशी धरून उभी राहिले. रश्मीनं वहिनींच्या हातातून माइक घेतला आणि जेवण तयार असल्याचं सांगितलं.

बाहेरच्या वाचकांना वाटेल, एक माणूस यादीत राहून गेला, त्यात एवढं काय? त्यांना आमच्याकडचं आवतन सांगितलं पाहिजे. माझे वडील हिवरखेडचे. तिथे लग्नाची पत्रिका मिळाली तरी तिला कोणी निमंत्रण समजत नाही, ती नुसती खबर. दारात माणूस येऊन हळदी-कुंकवाच्या अक्षता हातावर ठेवून सांगेल, ते आवतन. आणि जेवणाच्या दिवशी पानं मांडली की पुन्हा एक माणूस येतो: "चाला जेवाले." हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय मानी माणूस उठत नाही. अंघोळ करून, चांगले कपडे घालून, घरात चूल न पेटवता, तो ओट्यावर बसून राहतो. भुकेला राहील, पण आपणहून जाणार नाही. भाऊंनी वहिनींकडून मेळाव्याचं ऐकलं होतं. आपल्याला कोणी तरी न्यायला येणार, यात त्यांना शंका नव्हती. गाडी गेली, ऊन ओट्यावर आलं, तरी ते बसले होते. आणि बोलावण्याचा धंदा करणारी मी, अमरावतीत, माइकवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. भाऊंनी खुर्ची दिली, चहा दिला. एवढ्या सभ्यपणाची मला फार भीती वाटते.

"भाऊ, चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं वो? तुमी तं साहेब लोकं."

"शिव्या द्या, पण साहेब म्हणू नका."

"शिव्या घरच्यायले असते." त्यांनी माझ्या बशीत आणखी चहा ओतला. "येक काम करा. माही मायती काहाडून टाका."

साइटचा नियम मला पाठ आहे. एकदा उघड्यावर दिलेलं परत मागता येत नाही. ते सगळ्यांचं होतं. मी तो नियम भाऊंना सांगितला, आणि सांगताना माझा मलाच आवाज खोटा वाटत होता, जसा भाड्यानं बोलावलेल्या निवेदिकेचा असतो.

"पानी सोडलं तं वापस येत नाई, थे मले नोका शिकवू," भाऊ म्हणाले. "पन चावी बंद करता येते का नाई?"

मी रश्मीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "ताई, काढायची गरज नाही. नियम आपल्या बाजूनं आहे. आणि त्या पानावर किती बाया अवलंबून आहेत?"

"आणि तो माणूस?"

"त्याचं नाव टाकू. आज टाकते. सगळ्यात वर."

टाकलं. मी मोबाइल घेऊन भाऊंना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बरं. आता काहाडा."

चार दिवस माझं घरात लक्ष नव्हतं. दोनदा भाजी करपली. उठून दारापर्यंत जायची, परत यायची. नवरा म्हणाला, "तू बाप्पा एखाद्या व्हॉल्वसारखी फिरून राह्यली." पाचव्या दिवशी मी रश्मीला न विचारता ते पान बंद केलं. माझ्याकडे तेवढा अधिकार होता. रश्मी माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. तिच्याही बाजूला खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

पान बंद झालं त्याच्या पुढच्या पाण्याच्या दिवशी मी भाऊंच्या गल्लीत गेले. काय बघते, ओट्यासमोर ही गर्दी! वीस-पंचवीस बाया. "भाऊ, आमच्याकडं?" "भाऊ, टेलरच्या बोळात?" भाऊ मधोमध बसलेले, डोळे मिटून वेळा सांगताहेत, एकीच्या नातवाला खाऊ देताहेत, दुसरीला विचारताहेत, "तुह्या सासूचा पाय कसा हाय?" आत सून चहाचं पातेलं बदलत होती. वर्षभरात मी त्या माणसाला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मी ओट्याच्या कडेला टेकले.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाले. "तुमचं थे पान आलं तवापासून इथी चिमनी फिरकत नव्हती. समद्यायच्या हातात मोबाइल. कोनं इचारत नाई, भाऊ, आज? मी समदं देल्लं तुमाले. आन् दारात कोनी नाई राह्यलं."

मला वाटत होतं आम्ही त्यांचं नाव खाल्लं. नाव तर फार लहान गोष्ट होती.

"पह्यलेच काहून नाही सांगितलं, भाऊ?"

"हे काय सांगाची गोठ हाय? 'माह्या दारात येत जा वो' असं कोनं सांगते काय? पुष्पीनं मेळाव्याचं सांगतलं, तं म्हटलं, चला, तिथी तरी चार लोकं भेटतीन."

मी चहा प्यायले. पान बंदच ठेवायचं असं ठरवून घरी आले. साइटवर आमच्याच लोकांनी माझ्यावर टीका लिहिली. ओपन सोर्समध्ये टीकाही उघड्यावरच असते. जावयानं सगळ्यात कडक लिहिली.

हे असं दोन महिने चाललं असेल. मग एका पाण्याच्या दिवशी शबानाबी आली. शेवटच्या गल्लीतली, शाळेत स्वयंपाक करते. मी तेव्हा गिरणीत होते, म्हणून कानानं ऐकलं. ती ओट्यापाशी आली तीच भांडत.

"भाऊ, मेरेको रोज इथी येनं नाई जमत. मी सातले घर सोडते. मागच्या डावही पानी गेलं, आजही गेलं. मोबाइलमधी दिसत होतं तं डब्बे लावून, पोरीले सांगून जात होती. थे बंद कायले केलं? किसने किया?"

गिरणीतल्या सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिठाच्या डब्याआड झाले, हे कबूल करते.

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मीनं."

"आपने?" शबानाबीचा आवाज उतरला. "भाऊ, तुमीनं?"

"जाय. आज तुह्यावाल्या गल्लीत दुपारी थोडं येईन. पोरीले सांग."

ती गेली. भाऊ उठले, गिरणीच्या दारात आले, आणि डब्याआडच्या मला बरोबर शोधून म्हणाले, "कुंदाबाई, निंघा भाहीर. टाका थे पान."

"खरंच?"

"टाका म्हनतो ना. पन येक शर्त हाय. समद्या गल्ल्या टाका. माही गल्ली नाई."

"तुमच्या गल्लीचं काय करू?"

"कोरी ठेवा. माह्या गल्लीच्या बायायनं मले येऊन इचारावं. सतरा घरं हायेत. तेवढ्यायले लांब नाई पडत."

मी रश्मीला कळवलं. ती बोलायला तर लागली, पण म्हणाली, "ताई, हे चूक आहे. माहिती आहे आणि आपण मुद्दाम झाकतोय. मग ओपन काय राहिलं?" तरी मी ती गल्ली कोरीच ठेवली. रात्रंदिवस 'उघडं असावं, सगळ्यांचं असावं' म्हणून लोकांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, एक गल्ली मुठीत धरून बसले आहे. भाऊंसाठी की माझ्या चुकीसाठी, हेही धड सांगता येत नाही. आणि दोन्ही शहरांत असे किती नामदेवभाऊ आम्ही उतरवून घेतले आणि त्यांचे ओटे रिकामे केले, हा हिशोब कोणत्या यादीत सापडायचा?

तर ते पान आता असं आहे. सगळ्या गल्ल्यांसमोर वेळ, मधल्या एकीसमोर कोरी जागा. आणि कोरी जागा म्हणजे स्वयंसेवकांना गुळाचा खडा. आठवड्याला एक तरी भला माणूस ती भरून पाठवतो. मी प्रत्येक वेळी नाकारते.

मागच्या महिन्यात त्या गल्लीत एक भाडेकरू नवा राहायला आला. तोही रश्मीच्याच धंद्यातला, घरी बसून काम करणारा. त्यानं तीन वेळा घड्याळ लावून आपल्या नळाची वेळ मोजली आणि नोंद पाठवली. अगदी अचूक. आमच्याकडे नोंद नाकारली की कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: 'बरोबर आहे. तरी नाही. गल्लीत गिरणीशेजारी ओटा आहे, तिथे जाऊन विचारा.'

तो चिडला. नियमाची चार कलमं लिहून पाठवली. मग म्हणाला, पुरावा आणतो, तिथल्या माणसाची सहीच घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंचा फोन आला.

"कुंदाबाई, कोनाले पाठोलं वो तुमी?"

"का, काय झालं?"

"सकाळपासून बसला हाय. दोन डाव चहा झाला, जेवनही इथीच झालं. आता म्हनते, भाऊ, व्हॉल्व उघडाची चावी दाखवा." मागून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. "घ्या, बोला त्याच्यासंगं. मले टाइम नाई, मी चावी काढून राह्यलो."

भाडेकरू फोनवर आला. मी विचारलं, "काय म्हणता, सही घेतली का?"

"नाही," तो म्हणाला, "ती जागा कोरीच राहू द्या, ताई."